मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

आमच्या ऑफिसात 'व्हीसी' म्हणजे व्हिडिओ कॉल. माणगावात व्हीसी म्हणजे यशवंत घाडगे. तहसील कचेरीत कधीतरी दाखल्यासाठी गेलेल्या प्रत्येकाने त्यांचा पुतळा पाहिलेला असतो. मीही बारावीनंतर तिथेच पाहिला. तेव्हा 'नाईक यशवंत घाडगे' यातलं नाईक हे मला आडनाव वाटलं होतं. तो लष्करातला हुद्दा आहे, कॉर्पोरलच्या बरोबरीचा, हे बऱ्याच उशिरा कळलं.

दर जुलैत गावच्या ग्रुपवर त्यांच्याविषयीचा एक मेसेज फिरतो. यंदा मी तो मेसेज आणि व्हिक्टोरिया क्रॉसचं मूळ इंग्रजी सायटेशन शेजारीशेजारी ठेवून वाचलं. आम्ही कोडच्या दोन आवृत्त्या अशाच लावून बघतो. कुठली ओळ गेली, कुठली घुसली, ते लगेच दिसतं.

सायटेशन नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमध्ये आलं. मोबाइलवर दीडेक स्क्रीनमध्ये संपतं. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून जाते. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा होतो आणि त्यांच्याशिवाय सगळे ठार किंवा जखमी होतात. ते एकटे धावत जातात. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद पाडतात. टॉमीगनने आणखी एकाला मारतात. मग गोळ्या संपतात. मॅगझिन बदलायला वेळ नसतो, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी ठार करतात. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागतात. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात ते पडतात. वय २२.

आता मेसेज. त्यात हे सगळं एका शब्दात उरकलं आहे: 'कंठस्नान'. शत्रूला कंठस्नान घातले. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलोय आणि त्यातून एकदाही कुणी मेल्याचं मला दिसलेलं नाही. अफझलखानापासून कारगिलपर्यंत सगळ्यांना तोच साबण. मॅगझिनचं वाक्य मात्र वाचलं की हात थांबतो. त्यात गरम झालेली नळी आहे, मोजून दोन माणसं आहेत, आणि ती मारायला लागलेला वेळही आहे. त्या दोघांनाही घरं असतील. घाडग्यांचं धैर्य मला त्या वाक्यात दिसतं, 'कंठस्नान'मध्ये दिसत नाही.

म्हणून सायटेशन आदर्श लेखन आहे असं नाही. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही ते न कचरता धावले, असं त्यात लिहिलंय. त्यांना काय ठाऊक होतं, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं? धावणं मागच्यांना दिसलं असेल. मनातलं कसं दिसलं? लष्करी सायटेशनची ही जुनी खोड. मेलेल्या माणसाचं मन ते बेधडक वाचतं आणि त्याला स्वतःचं एकही वाक्य देत नाही. पळसगावच्या शेतकरी घरातलं लहानपण, मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई, यातलं काही तिथे मावत नाही. दीड स्क्रीनमध्ये सगळी मिळून काही मिनिटं आहेत, बावीस वर्षं नाहीत.

मेसेजमध्ये घुसलेली ओळ आहे, 'देशासाठी प्राण दिले'. १९४४ मध्ये देश कुठला? १० सप्टेंबर १९४२ ला, 'चले जाव'च्या काळात, महाडच्या तहसील कचेरीवर मोर्चा गेला होता. त्यावर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. महाड आमच्यापासून एसटीने तासाभरावर. एकाच महामार्गावरचे हे दोन तालुके: एकीकडे त्या सरकारच्या गोळीने मेलेले, दुसरीकडे त्याच सरकारच्या गणवेशात मेलेले. मेसेज दोन्ही हार एकाच दोरीत ओवतो.

अशीच गाठ आयर्लंडमध्ये फ्रान्सिस लेडविजच्या गळ्यात पडली होती. शेतमजुरी आणि रस्त्याची कामं करणारा हा कवी ब्रिटिश सैन्यात लान्स कॉर्पोरल होता. १९१६ च्या डब्लिनच्या उठावानंतर त्याचा मित्र थॉमस मॅकडोनाला ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लेडविज त्यांच्याच गणवेशात होता. त्याने मित्रावर विलापिका लिहिली आणि ३१ जुलै १९१७ ला बेल्जियममध्ये तोफगोळ्याने मेला. वय २९. पुढे शेमस हीनीने त्याच्यावर कविता केली. ती सुरू होते सैनिकाच्या एका ब्राँझच्या पुतळ्यापासून, आणि हीनी ही गाठ सोडवत नाही, तशीच ठेवतो. लेडविजकडे स्वतःचे शब्द होते आणि नंतर हीनी आला. घाडग्यांच्या वाट्याला गॅझेट आलं आणि मग आम्ही, फॉरवर्ड करणारे.

इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. त्या मोहिमेतल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. घाडग्यांची कबर सापडत नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैत मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरचं लॅटिन वाक्य म्हणतं, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. या सगळ्या मजकुरांमध्ये मोर्च्यातल्या त्या दोघांना जागा देणारा हाच एक मला सापडला.

मी मॅगझिनचं वाक्य मराठीत करून ग्रुपवर टाकलं. शेजारच्या काकांनी लिहिलं, "अरे, हे कशाला? लहान मुलं वाचतात." भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या एका पोराने वेगळा मेसेज करून विचारलं, "दादा, वय किती होतं त्यांचं?" त्याला मी आकडा कळवला. काकांना अजून उत्तर दिलेलं नाही.