लिव्हिंग्स्टनची झांबेझी आणि आपली वैनगंगा: नदी म्हणजे रस्ता का?

माझा पीएचडीचा विषय वैनगंगेचा काठ आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आफ्रिकेतल्या बोटप्रवासाची पुस्तकं कशाला वाचतेस? आज त्याचंच उत्तर देते.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांनी झांबेझी मोहिमेवरचं पुस्तक १८६५ मध्ये छापलं. मोहीम चालली १८५८ ते १८६४. कल्पना अशी की आगबोटीने नदीतून आत शिरायचं, काठच्या गावांतून कापूस घ्यायचा, आणि असा व्यापार वाढला की गुलामांचा व्यापार आपोआप बसेल. पण 'मा रॉबर्ट' ही आगबोट काहोरा बासाच्या खडकांपाशी अडली. आधीच्या प्रवासात लिव्हिंग्स्टन हा टप्पा टाळून जमिनीवरून गेला होता, त्यामुळे नदीचा हा भाग त्याने पाहिलाच नव्हता. मग मोर्चा वळला शिरे नदीकडे. तिथेही वर धबधबे आडवे आले.

पुस्तकाची ताकद म्हणजे त्यात गावं खरोखर दिसतात. लोखंड गाळणारे, कापूस विणणारे, मासे धरणारे लोक दिसतात. पुढे १८६३ मध्ये त्याच शिरे नदीतून प्रेतं वाहत येतात आणि सकाळी बोटीच्या चाकांत अडकलेली काढावी लागतात. दुष्काळ आणि गुलामांसाठीच्या धाडी यांनी काठ ओस पाडलेला असतो. गुलामांचे व्यापारी आपल्याच वाटेने, आपलंच नाव सांगत आत शिरले, हेही लिव्हिंग्स्टन लपवत नाही. हा प्रामाणिकपणा मान्य करायलाच हवा.

माझा आक्षेप पुढचा आहे. एवढं पाहूनही नदीकडे बघायची नजर बदलत नाही. दोष पोर्तुगीजांवर जातो, नदी मात्र शेवटपर्यंत रस्ताच राहते. खडक म्हणजे अडथळा आणि गाव म्हणजे सरपण, धान्य घ्यायचा थांबा. मोहिमेनंतर लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' बोट घेऊन जून १८६४ मध्ये मुंबईला पोचला. शिरेकाठी गुलामगिरीतून सोडवलेला चुमा त्या बोटीवर होता. चुमाला ती नदी कशी दिसत होती, हे पुस्तक विचारत नाही.

आता वैनगंगेकडे येऊ. ही नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. झांबेझीची मोहीम चालू होती त्याच काळात इंग्रज सरकारने नागपूर-वऱ्हाडचा कापूस या पाण्याने समुद्रापर्यंत न्यायचा घाट घातला होता. गोदावरी-प्राणहितेवर खडकांचे तीन मोठे पट्टे आडवे आले. बंधारे, कालवे सुरू झाले, भरपूर पैसा गेला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं. बरं, ही गोष्ट तिथेच संपली असं समजू नका. २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत वैनगंगा-प्राणहिताही आहे.

आपल्याकडे गोंदिया-बालाघाटच्या सीमेवर डोंगा बहुतेक आडवा चालतो. या काठावरून त्या काठावर, बाजाराला नाहीतर सोयऱ्यांकडे. ढिवर डोहात जाळं टाकतो, आणि डोह असतो तो खडकामुळे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूवर डांगरवाडी लागते. म्हणजे आगबोटीला जे खडक आणि वाळू नको असतात, त्यांच्यावरच काठच्या माणसाचं पोट चालतं. लांबीने पाहिलं तर हा सगळा अडथळा आणि आडवं पाहिलं तर संसार.

म्हणून संशोधनात मी एक साधी गोष्ट करते. नदी कुठून कुठे जाते, हे नकाशा सांगतोच. गावात मी आधी विचारते की ती कुठे ओलांडता, कोणत्या महिन्यात आणि कोणाकडे जायला. उद्या जलमार्गाचा अहवाल आला तर त्यात डोह, वाळू आणि घाट कोणत्या रकान्यात टाकलेत ते आधी बघा. 'अडथळे' या रकान्यात असतील, तर तिथे कोणाची तरी रोजीरोटी खोडली जातेय असं समजा.

पुस्तक वाचाच, पण मोहिमेतला डॉक्टर जॉन कर्क याची रोजनिशी सोबत ठेवा. ती थेट १९६५ मध्ये छापून आली. पुस्तकात न आलेली कुरकुर आणि वैताग तिथे सापडतो.