घंटा आधी हलते

मागच्या दिवाळीत आईच्या डोक्यावर व्हीआर हेडसेट चढवला. आमच्या टीमने बनवलेला डेमो होता: देवळाचा सभामंडप, वर टांगलेली घंटा. आईने हात उंचावून घंटा वाजवली आणि म्हणाली, "घंटा आधी हलते गं, हात नंतर लागतो."

"सवय होईल," मी म्हणाले.

नंतर लॉग तपासले. कंट्रोलरची थरथर दृश्याच्या सुमारे १०० मिलिसेकंद मागे होती. चार महिने रोज ती घंटा वाजवूनही मला ते कळलं नव्हतं.

व्हीआरची परीक्षणं बहुतेक डोळ्यांपाशी थांबतात. मान वळली की २० मिलिसेकंदांच्या आत चित्र बदलावं, नाहीतर मळमळतं, हे सगळ्यांना पाठ असतं. हाताचा हिशोब वेगळा आहे. मासिमिलियानो डी लुका यांच्या २०१९च्या अभ्यासानुसार स्पर्श दृश्यानंतर आला तर साधारण ५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपून जातो. दृश्याच्या आधी आला तर मात्र १५ मिलिसेकंदही पुष्कळ होतात.

'बीट सेबर' हा प्रागमध्ये बनलेला, २०१८ साली आलेला खेळ मला म्हणूनच आवडतो. गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतात, ते दोन तलवारींनी कापायचे. ठोकळा लांबूनच दिसतो, ठेका आधीच कानात असतो. हात पोचण्याआधी मन तिथे पोचलेलं असतं, त्यामुळे बारीकसा उशीर त्या अपेक्षेत मुरून जातो. शिवाय कापलेल्या ठोकळ्याला वजन असावं असा हाताचा हट्ट नसतो. हलकीशी थरथर पुरते. जे देता येत नाही ते हा खेळ मागूच देत नाही. त्याची हुशारी इथे आहे, आणि मर्यादाही. त्यात काही हातात धरून ठेवता येत नाही. आमची घंटा मात्र आपण पितळेची असल्याचं सांगत होती.

पण मला ती फट का जाणवली नाही? २००६ साली स्टेट्सन, ईगलमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना बटण दाबायला लावलं. दिवा थोडा उशिरा लागायचा. मेंदूला त्याची सवय झाली. मग मधला उशीर काढून टाकल्यावर काहींना वाटलं, बटण दाबायच्या आधीच दिवा लागला! ठरावीक उशीर मेंदू असा पोटात घालतो. चार महिन्यांत माझ्या मेंदूनेही तेच केलं होतं. म्हणजे स्वतःच्या डेमोची सगळ्यात वाईट परीक्षक मीच होते.

आपण नवख्या माणसाला "तुला सवय नाही" असं ऐकवतो. खरं तर त्याची सवय न झालेली पहिली काही मिनिटं हेच आपल्याकडचं सर्वांत अचूक मोजमाप असतं, आणि ते एकदाच मिळतं.

घंटा आता दुरुस्त केली आहे. आईला पुन्हा दाखवली, तर म्हणाली, "हं, आता बरी वाजते." पण खरंच बरी वाजते की तिलाही सवय झाली, हे आता तिला विचारून कळणार नाही.