अंबाझरीचें दुधाळ पाणी

अंबाझरी तलाव भरून सांडव्यावरून पाणी कोसळूं लागलें, कीं नागपूरचे हौशी छायाचित्रकार पहाटेसच नागनदीच्या कांठीं हजर होतात. त्यांचीं चित्रें आम्ही आवडीनें पाहतों; तक्रार आहे ती एका खोडीविषयीं. शटर सेकंदभर उघडें ठेवलें, कीं पाणी सायीसारखें मऊ दिसतें. त्याचा जोर, गढूळपणा, वाहून आलेला कचरा, सारें पुसलें जातें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे याच सांडव्याचें पाणी अंबाझरी लेआउटमधील घरांत शिरलें होतें. तेव्हां तें मऊ खास नव्हतें! सेकंदाच्या ५०० व्या हिश्शांत टिपलेलें चित्र कमी देखणें असेल. पण त्यांत पाणी दगडावर आपटतांना दिसतें. आम्हांस तेंच पसंत आहे. चौकटींत पलीकडचीं घरेंही आलीं असतीं, तर तें अधिकच आवडलें असतें.