सेवाधिष्ठित रचना आणि अर्थाचा करार

संगणकशास्त्रात ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ या नावाने जी पद्धती ओळखली जाते, तिला मराठीत सेवाधिष्ठित रचना म्हणता येईल. मोठ्या संस्थेचे सर्व व्यवहार एकाच अवाढव्य आज्ञावलीत न कोंबता प्रत्येक कार्य स्वतंत्र ‘सेवा’ म्हणून उभे करावे, आणि एका सेवेने दुसरीच्या अंतर्गत व्यवस्थेत न डोकावता ठरलेल्या कराराप्रमाणे प्रश्न विचारून उत्तर घ्यावे, हे तिचे सूत्र होय. ही संज्ञा १९९६ साली गार्टनर या संस्थेच्या विश्लेषकांनी रूढ केली. २००६ साली ओएसिस या प्रमाणनिर्मात्या संस्थेने तिचा आदर्श आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय ई-शासन योजनेला मान्यता मिळाली. तथापि २००९ च्या आरंभीच अ‍ॅन थॉमस मॅनेस या विश्लेषक विदुषीने ही संज्ञा मृत झाल्याचे जाहीर केले. सेवांची गरज संपलेली नाही. परंतु लोक साधनांच्या वादात गुंतून मूळ हेतू विसरले, असा तिच्या प्रतिपादनाचा आशय होता.

ही रचना यशस्वीपणे कशी स्वीकारावी, याविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. पहिल्या मताप्रमाणे संपूर्ण संस्थेचा आराखडा आधी करावा व मग सेवा उभाराव्यात. दुसऱ्याप्रमाणे हाताशी असलेल्या व्यवहारांपासून आरंभ करून हळूहळू वर जावे. हा वाद क्रमाविषयीचा आहे. दोन खात्यांच्या सीमेवर जे शब्द ओलांडून जातात, त्यांचा अर्थ दोहोंकडे एकच आहे काय, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र त्यात दुर्लक्षित राहतो. कोल्हापूर परिसरातील दोन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले उदाहरण वारणेचे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी समूहाभोवती, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणककेंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण अशी बहुविध माहिती गावोगाव पोहोचावी, ही त्यामागील आकांक्षा होती. प्रत्यक्षात उपयोग झाला तो मुख्यतः ऊस व खत यांच्या हिशेबापुरता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेश वापरून पाहिले. संगणकावर होणारी सर्व कामे त्यातून झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती सोय अधिक पसंत पडली, असा निष्कर्ष त्यांनी २००७ साली मांडला. ‘ऊस किती गेला, खत किती मिळाले’ या प्रश्नांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ कारखान्याला व सभासदाला पूर्वीपासून एकच ठाऊक होता. म्हणूनच यंत्र बदलले तरी सेवा अबाधित राहिली. जेथे अशी पूर्वसंमती नव्हती, तेथे संगणक असूनही सेवा रुजली नाही.

दुसरे उदाहरण जमिनीच्या नोंदींचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५४ अन्वये, शेतजमिनीवरील हक्काचा दस्त नोंदला गेला की नोंदणी अधिकाऱ्याने गावचा तलाठी व तालुक्याचा तहसीलदार यांना ठरवून दिलेल्या नमुन्यात व वेळी त्याची सूचना द्यावयाची असते. कोणी, कोणाला, काय व केव्हा कळवावे, हे त्यात ठरलेले आहे. म्हणजे ज्याला संगणकशास्त्र सेवाकरार म्हणते तो येथे कागदावर आधीच सिद्ध होता. दुय्यम निबंधकाकडील ‘आय-सरिता’ ही प्रणाली ‘ई-फेरफार’शी जोडताना नवा संबंध निर्माण करावा लागला नाही, जुन्या संबंधाला वेग मिळाला. ही निवड योग्यच म्हटली पाहिजे.

परंतु निरोप पोहोचणे आणि निरोप कळणे या भिन्न गोष्टी होत. करवीर भागात ‘बाळासाहेब’ ही व्यक्ती एका कागदावर ‘बाळासो’ व दुसऱ्यावर ‘बाळू’ असू शकते. गावाला यात संदेह नसतो, पण यंत्राच्या लेखी त्या तीन व्यक्ती ठरतात. सौदा गुंठ्यांत बोलला जातो व उताऱ्यावर आर लिहिले जातात. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही एकच मानले, तर एका एकरात सुमारे ४७ चौरस मीटरांची तफावत पडते. सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तर कुळाचे नाव, बँकेचा बोजा, विकास सेवा संस्थेचा इकरार आणि विहिरीतील हिस्सा शेजारी शेजारी नांदतात. वाचणारा माणूस त्यांतील भेद संदर्भाने ओळखतो; सेवेला संदर्भ नसतो, तिला शब्दच पुरेसा असावा लागतो. शहर हद्दीत मालमत्ता पत्रक व सात-बारा असे दोन अभिलेख एकाच भूमीचे आढळतात, तेव्हा कोणता शब्द प्रमाण मानावयाचा हाही प्रश्न उरतो. यातील प्रत्येक संदिग्धतेची किंमत अखेर पीककर्जासाठी उतारा घेऊन हिंडणारा खातेदार भरतो.

यावरून धोरणाचे काही निकष निघतात. जेथे कायद्याने वा रूढीने एकाने दुसऱ्याला कळविण्याचे बंधन पूर्वीच आहे, त्या सांध्यापासून आरंभ करावा. त्या सांध्यावरील शब्दसंग्रह यंत्रापूर्वी निश्चित करावा, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाचा हेही ठरवावे. फेरफारापूर्वीची नोटीस व हरकतीची पंधरा दिवसांची मुदत यांना विलंब न समजता कराराचाच भाग मानावे. कारण चुकीचा अर्थ दुरुस्त होण्याची जागा तीच आहे.

शब्दांचा निर्णय होईपर्यंत थांबल्यास कार्य कधीच सुरू होणार नाही, असा आक्षेप यावर संभवतो. समग्र कोश आधी करावा असे म्हटले असते, तर तो रास्त ठरला असता. एका सांध्यापुरते शब्द थोडके असतात, आणि वारणेच्या ऊस-खताच्या व्यवहारात तेवढेच पुरले. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध समाजाच्या संमतीवर उभा असतो, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त आहे. सेवाधिष्ठित रचनेला तो लागू नाही असे समजून जे धोरण आखले जाईल, ते दोन कचेऱ्यांना तारेने जोडील. त्यांचे परस्परांशी बोलणे मात्र होणार नाही.