हरितगृहाची उपमा

उपमा ही काव्याची मिरास आहे अशी आपली एक समजूत असते. शास्त्रीय लेखनांत ती आढळली तर तिला आपण पाहुणी समजतों, आणि पाहुणीची झडती घ्यावयाची नसते या न्यायानें तिच्याकडे कानाडोळा करतों. वस्तुतः शास्त्रांतील उपमेची परीक्षा काव्यांतील उपमेहून अधिक कडक व्हावयास पाहिजे. मुखाला चंद्र म्हटल्यानें कोणी मुखावर डाग शोधीत बसत नाहीं. परंतु पृथ्वीच्या वातावरणाला कांचघर म्हटल्याबरोबर विद्यार्थी कांच शोधूं लागतो, आणि त्यांत त्याचा कांहीं अपराध नसतो.

"हरितगृह परिणाम" हे शब्द क्रमिक पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून व व्याख्यानांतून आज इतके रूढ झाले आहेत कीं, ते एका उपमेवर उभे आहेत याचाच आपणांस विसर पडला आहे. आमचा विषय वाङ्मय. पदार्थविज्ञानाशीं असलेला संबंध बारावीनंतर सुटला. तेव्हां या विषयांत बोलण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारल्यास आम्ही एवढेंच म्हणूं कीं, शब्दांची पारख करणें हा आमचा धंदा आहे, आणि या शब्दानें आम्हांस आमच्याच घरांत खालीं मान घालावयास लावली आहे.

झालें असें कीं, अकरावींत शिकणारी आमची पुतणी एके दिवशीं पुस्तक घेऊन आली व म्हणाली, "काका, हवा म्हणजे काच आणि आपण काचेच्या घरात. मग ओझोनच्या थराला भोक पडलंय म्हणतात, त्या भोकातून उष्णता बाहेर जायला हवी ना? पृथ्वी थंड व्हायला हवी. तापते कशी?" आम्हीं नेहमींच्या प्राध्यापकी सफाईनें कांहींतरी उत्तर दिलें. तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नाहीं. दिलेल्या उपमेवरून तिनें काढलेलें अनुमान बिनचूक होतें. चूक असलीच तर ती उपमेंतच असली पाहिजे, हें मनांत घेऊन आम्हीं या प्रकरणाचा थोडा शोध घेतला. त्याचें फळ येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. (ओझोनचा मामला अगदींच निराळा आहे. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेला अंटार्क्टिकावरील ओझोनचा क्षय हा अतिनील किरणांशीं निगडित आहे. "कांच" आणि "छिद्र" हीं दोन रूपकें एकमेकांच्या शेजारीं येऊन बसलीं आणि लोकांच्या मनांत त्यांचें लग्न लागलें, एवढाच त्यांचा संबंध.)

आपल्या आलंकारिकांनीं उपमेचीं चार अंगें सांगितलीं आहेत: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द. येथें उपमेय वातावरण, उपमान हरितगृह. साधारणधर्म कोणता? पुस्तकें सांगतात कीं, कांच सूर्यप्रकाश आंत येऊं देते, परंतु तापलेल्या जमिनीपासून निघणारे अवरक्त किरण अडविते. वातावरणांतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड हेंच करतात. ऐकावयास हें चोख वाटतें. प्रश्न असा कीं, हरितगृह खरोखर याच कारणानें ऊबदार असतें काय?

अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ता वुड यानें १९०९ सालीं दोन पेट्या करून हें पाहिलें. एकीवर कांचेचें झांकण, दुसरीवर सैंधवाच्या पारदर्शक तुकड्याचें. कांच अवरक्त किरण अडविते, सैंधव ते खुशाल बाहेर जाऊं देतें. कांचेचें म्हणणें खरें असेल तर सैंधवाची पेटी पुष्कळच थंड राहावयास पाहिजे. परंतु येणारें ऊन दोहोंस सारखेंच मिळेल अशी तजवीज केल्यावर दोन्ही पेट्यांच्या उष्णतामानांत जेमतेम एका अंशाचा फरक उरला. म्हणजे पेटी तापली ती मुख्यतः आंतली हवा कोंडली गेल्यामुळें. ज्यांस अमेरिकेपर्यंत जावयाचें नसेल त्यांनीं तळेगावच्या बाजूस गुलाबाचीं पॉलिहाउसें पाहावींत. साध्या पॉलिथिनच्या कागदांतून अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणांत आरपार जातात, तरीहि आंत घामाच्या धारा लागतात. आणि उन्हें चढलीं कीं माळी बाजूचे पडदे गुंडाळून वर करतो, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. आपलें घर कशानें तापतें हें त्या माळ्यास पुस्तकांपेक्षां अधिक ठाऊक आहे.

आतां उपमेयाकडे वळूं. सूर्याकडून पृथ्वीवर येणारी ऊर्जा सगळ्या गोलावर व सगळ्या दिवसरात्रीवर सारखी वांटली, तर दर चौरस मीटरला सुमारें ३४० वॉट पडते. त्यांतील १०० च्या आसपास ढग, बर्फ, वाळू इत्यादिकांवरून परत फिरते. ८० च्या आसपास हवा शोषून घेते. उरलेले सुमारें १६० वॉट जमीन व समुद्र यांच्या पदरांत पडतात. हे १६० परत वर कसे जातात? किरणांच्या द्वारें, दिल्याघेतल्याची वजाबाट केल्यावर, अवघे ६० च्या सुमारास. कोरड्या तप्त हवेबरोबर सुमारें २०. आणि राहिलेले ८० बाष्पाच्या पोटांत लपून. अर्ध्याहून अधिक उष्णता अशी हवेच्या हालचालीनेंच वर चढते. हरितगृह जो दरवाजा बंद करून ऊबदार होतें, तोच दरवाजा वातावरणानें सताड उघडा ठेवलेला आहे! साधारणधर्म म्हणून जो सांगितला तो उपमानांत गौण, आणि उपमानांत जो प्रधान तो उपमेयांत मुळींच नाहीं. साहित्यशास्त्राच्या परीक्षेंत अशी उपमा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं उत्तीर्ण केलें नसतें.

विशेष हें कीं, या कल्पनेचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतलें जातें त्या फूरियेनें ही सावधगिरी बाळगली होती. १८२४ सालच्या आपल्या निबंधांत त्यानें द सोस्यूरच्या कांचेच्या पेटीचा दाखला दिला खरा, परंतु त्याबरोबरच हेंहि सांगितलें कीं, हवेचे थर आपली पारदर्शकता कायम ठेवून आपली चंचलता तेवढी सोडतील, म्हणजे जणूं घन होतील, तर असा परिणाम होईल. पुढील लोकांनीं दाखला घेतला व अट सोडली.

बाष्पाच्या पोटांतील उष्णतेविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण या सगळ्या व्यवहारांतील तो सर्वांत मनोहर भाग आहे आणि कांचघराच्या उपमेंत त्यास जागाच नाहीं. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें २५ लक्ष जूल उष्णता लागते. ती थर्मामीटरवर दिसत नाहीं, म्हणूनच क्रमिक पुस्तकें तिला "अप्रकट उष्मा" म्हणतात. हा शब्द मात्र ज्यानें बनविला त्यास आम्ही मनःपूर्वक धन्यवाद देतों. वाफेचे थेंब झाले कीं ती प्रकट होते. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ किलो पाणी, आणि तें पाणी होतांना वर आकाशांत मोकळी झालेली उष्णता विजेच्या हिशेबानें साडेसहाशे युनिट! पृथ्वीच्या एका चौरस मीटरला सरासरीनें मिळणारें ऊन एवढी उष्णता द्यावयास सुमारें १७० दिवस घेईल. अर्थात् ती सांताक्रूझच्या उन्हाची नव्हती. दूरच्या समुद्रावर दिवसेंदिवस सांठलेलें ऊन वाऱ्यानें वाहून आणलें आणि एका दिवसांत तेथें ओतलें.

सूर्य पाणी घेतो तें सहस्रपटीनें परत देण्याकरितां, अशा अर्थाची उपमा कालिदासानें रघुवंशांत राजाच्या करग्रहणास दिली आहे. सहस्रपट ही अतिशयोक्ति. पाणी जेवढें जातें तेवढेंच येतें. परंतु एके ठिकाणीं घेणें व दुसऱ्या ठिकाणीं, दुसऱ्या वेळीं देणें हा जो तिचा गाभा, तो आजच्या ज्ञानाच्या कसोटीसहि उतरतो. (यावरून कालिदासास अप्रकट उष्मा ठाऊक होता असें प्रतिपादन करणारे सद्गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. कवीच्या डोळसपणाचा गौरव करण्यास त्याच्या हातीं थर्मामीटर देण्याची गरज नाहीं.)

मग वातावरणास उपमा द्यावयाची ती कशाची? आमच्या मतें ती आयर्लंडांत जन्मलेल्या जॉन टिंडलनें दीडशें वर्षांपूर्वींच देऊन ठेवली आहे. बाष्प व कार्बन डायऑक्साइड उष्णकिरण शोषतात हें त्यानें १८५९ सालापासून प्रयोगानें मोजून दाखविलें. (कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हांत अधिक तापते हें अमेरिकेंत युनिस फूट या बाईनीं १८५६ सालींच नोंदविलें होतें.) टिंडलनें वातावरणास नदीवरील बांधाची उपमा दिली. बांध पाणी कायमचें कोंडीत नाहीं. पातळी चढते ती सांडव्यावरून वाहणारें पाणी येणाऱ्या पाण्याइतकें होईपर्यंत. मग आवक-जावक सारखी, परंतु मागील पाणी खोल. पृथ्वीचें तसेंच आहे. अवकाशांतून पाहिलें तर ती शून्याखालीं १८ अंशांच्या वस्तूइतकीच उष्णता बाहेर टाकते. आपण राहतों तेथें मात्र सरासरी सुमारें १५ अंश असतात. मधले तेहतीस अंश म्हणजे बांधामागची खोली.

सांडवा कोठें आहे म्हणाल तर सरासरीनें पांचेक किलोमीटर उंचीवर. तेथून वरची हवा इतकी विरळ कीं, उष्णकिरण निसटून जाऊं शकतात. चढत्या हवेनें वर नेलेली उष्णताहि अखेर येथूनच किरणरूपानें बाहेर पडते, कारण वारा अवकाशांत जाऊं शकत नाहीं. कार्बन डायऑक्साइड वाढला कीं हा सांडवा उंच चढतो. उंचावर थंडी अधिक, म्हणून बाहेर जाणारी उष्णता कमी. ती तूट भरून येईपर्यंत खालची सर्व हवा तापत जाते. यंत्रयुगापूर्वीं दहा लक्ष भागांत २८० भाग असलेला हा वायु आज ४२० च्या वर गेला आहे. बांधाच्या उपमेंतहि उणें आहेच: वातावरणाचा बांध स्वतः तापतो व खालींहि उष्णता फेंकतो, दगडी बांध असें कांहीं करीत नाहीं. परंतु हें उणें मुख्य धर्माला बाधक नाहीं.

एवढ्या काथ्याकुटाचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन आहे. वुडच्या प्रयोगानें उपमा मोडली; त्यास स्वतःस मात्र वाटलें कीं उपमेयच मोडलें, आणि वातावरणास अशा रीतीनें फारशी उष्णता मिळत नसावी असें त्यानें लिहून टाकलें. तेंच शस्त्र आजहि उपसलें जातें. हरितगृह असें चालत नाहीं, सबब पृथ्वी तापते हें थोतांड, असा युक्तिवाद आम्हीं सुशिक्षितांच्या बैठकींत ऐकला आहे, आणि उत्तर न सुचून मुकाट्यानें चहा घेतला आहे. टिंडलनें मोजलेलें शोषण कांचेच्या साक्षीवर अवलंबून नव्हतें. परंतु ज्यांनीं मुलांस कांचेशिवाय दुसरें कांहीं सांगितलें नाहीं, त्यांनीं तीं मुलें अशा वादांत निःशस्त्र उभीं केलीं.

नांव बदला असें आमचें म्हणणें नाहीं. रूढ शब्द हुकुमानें बदलत नसतात. क्रमिक पुस्तकांत त्या शब्दाखालीं फूरियेची अट एका ओळींत छापली तरी पुरे आहे.

पुतणीला आम्हीं बांध व सांडवा कागदावर काढून सर्व समजावून सांगितलें. तिला तें पटलें. सांडवा उंच चढतो तेव्हां त्याच्याहि वरच्या हवेचें काय होतें, असें तिनें विचारलें. ती थंड होते, आणि हें भाकीत मानाबे व वेदरॉल्ड यांनीं १९६७ सालीं केलें होतें, हें शोधून काढण्यास आम्हांस दोन दिवस लागले. पुढें चाचणी परीक्षेंत तोच प्रश्न आला. तिनें उत्तरांत कांचघरच लिहिलें. "मार्क त्यालाच असतात, काका," असें ती म्हणाली.