दोन पुस्तकें व एक वंशवृक्ष

शास्त्रीय शोधांचे इतिहास वाचतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं खटकत आली आहे. त्यांत शोध लावणारा असतो, त्याची प्रयोगशाळा असते, त्याचे प्रतिस्पर्धी असतात. पण ज्यांच्या रक्तावर व दुःखावर तो शोध उभा राहिला तीं माणसें बहुधा एखाद्या तळटीपेंत उरकलेलीं असतात. आनुवंशिक रोगांच्या बाबतींत ही उणीव विशेषच जाणवते. तेथें प्रयोगशाळेच्या अगोदर एक घर असतें, त्या घरांत आजी-आजोबा, मावश्या, मामा असतात, आणि कोणाला काय झालें होतें हें सांगावयास कोणी तयार झाल्यावांचून शास्त्राचें पाऊल पुढें पडत नाहीं. अमेरिकन इतिहासलेखिका अ‍ॅलिस वेक्सलर यांचीं दोन पुस्तकें आम्हीं नुकतींच लागोपाठ वाचलीं. पहिलें 'मॅपिंग फेट' हें १९९५ सालचें, दुसरें 'द वुमन हू वॉक्ड इन्टू द सी' हें २००८ सालचें. हीं आतां जुनीं झालीं असें कोणी म्हणेल. पण एकामागून एक वाचलीं असतां दुसरें पुस्तक पहिल्याचेंच परीक्षण करतें असा आम्हांस प्रत्यय आला, व तो वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख.

विषय आहे हंटिंग्टनच्या रोगाचा. १८७२ सालीं जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या डॉक्टरानें एका छोट्या निबंधांत त्याचें वर्णन केलें. त्याचे वडील व आजोबा हे दोघेही लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन गांवीं वैद्यकी करीत. एका माणसाच्या आयुष्यांत न दिसणारी गोष्ट त्या दोन पिढ्यांच्या अनुभवामुळें या तरुणास दिसली. हा रोग साधारणतः तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान प्रकट होतो. हातपाय मनाविरुद्ध हलूं लागतात, चाल झिंगल्यासारखी होते, बुद्धि व स्वभाव हळूहळू पालटतात, आणि बरींच वर्षें अशीं काढून माणूस मरतो. आईबापांपैकीं एकास तो असला तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा. यांतील क्रूरपणा असा कीं, रोग ओळखूं येईपर्यंत लग्न झालेलें असतें, मुलेंही झालेलीं असतात.

'मॅपिंग फेट' मध्यें ही कथा लेखिकेच्या स्वतःच्या घरांतील आहे. तिची आई लिओनोर ही कोलंबिया विद्यापीठांत जीवशास्त्राची उच्च पदवी घेतलेली बाई. तिचे वडील या रोगानें वारले, पुढें तिचे तिघे भाऊही त्याच वाटेनें गेले. पण हा रोग पुरुषांसच होतो, बायकांस नाहीं, अशी तिची समजूत होती. जीवशास्त्र शिकलेल्या बाईनें ही समजूत इतकीं वर्षें कशी बाळगली? आम्हांस वाटतें, माणूस जें विद्यापीठांत शिकतो तें तो घरांत लागू करीत नाहीं, हेंच त्याचें उत्तर. आणि हा दोष एकट्या लिओनोरचा खास नव्हे. १९६८ सालीं लॉस एंजेलिसच्या रस्त्यांत एका पोलिसानें, ही बाई सकाळींच दारू प्याली आहे असें समजून, तिला हटकलें. त्यानंतर निदान झालें. तिच्यापासून विभक्त झालेला पति मिल्टन वेक्सलर हा मनोविश्लेषक. त्यानें अ‍ॅलिस व नॅन्सी या दोन्ही मुलींस बोलावून सारें सांगितलें, आणि पुढें या रोगाच्या संशोधनास वाहिलेली संस्था काढली. लिओनोर १९७८ सालीं वारली.

पुस्तकाचा उत्कृष्ट भाग तो हाच. रोगाचें वर्णन पुष्कळांस करतां येतें. रोगाविषयींच्या मौनाचें वर्णन करणें कठीण. घरांत जें बोललें जात नाहीं तें मुलांना तरीही कळतें, फक्त तें भलत्याच रूपानें कळतें: आईची उदासीनता म्हणजे आपल्यावरची नाराजी, तिचें गप्प राहणें म्हणजे तिचा दुबळेपणा. आईविषयींचा आपला अधीरपणा, वडिलांच्या कर्तबगारीकडे असलेला आपला ओढा, हें सर्व लेखिकेनें झांकलेलें नाहीं. आत्मचरित्र लिहिणारांत स्वतःवर रागावणारे पुष्कळ असतात. पण तो राग बहुधा वाचकांची शाबासकी मिळविण्यासाठीं असतो. येथें तसें नाहीं.

यानंतर कथा व्हेनेझुएला देशांतील माराकायबो सरोवराकडे वळते. त्याच्या कांठीं कोळ्यांच्या गरीब वस्त्यांत हा रोग फार असल्याचें अमेरिको नेग्रेट या तेथील डॉक्टरानें १९५५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें होतें. त्यावेळीं त्याच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९७९ सालीं नॅन्सी वेक्सलर तेथें प्रथम गेली, आणि १९८१ पासून दरवर्षीं संशोधकांची तुकडी नेऊं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या एका स्त्रीपर्यंत पोहोंचणारा तो वंशवृक्ष वाढत वाढत अठरा हजारांहून अधिक माणसांचा झाला. रक्त व कातडीचा तुकडा देण्यास लोक कचरत. तेव्हां तुकडींतील परिचारिकेनें नॅन्सीचा दंड धरून तिनें स्वतः दिलेल्या तुकड्याचा व्रण सर्वांस दाखविला, हिच्याही घराण्यांत हा रोग आहे असें सांगितलें, आणि मग लोक पुढें झाले. सबंध संशोधनांतील आमच्या मतें अत्यंत महत्त्वाचा क्षण हाच. कोणत्याही यंत्रानें तो घडवून आणला नसता.

जनुक कोणतें हेंच ठाऊक नसतां तें शोधावयाचें कसें, हें लेखिकेनें सुबोधपणें सांगितलें आहे. गुणसूत्रांवर ठिकठिकाणीं माणसामाणसांत निरुपद्रवी फरक असतात. असा एक फरक खूण म्हणून घ्यावयाचा, आणि मोठ्या कुटुंबांत पाहावयाचें कीं, ज्यांना रोग झाला त्यांच्याकडे ती खूणही पिढ्यान्‌पिढ्या बरोबर आली आहे काय. आली असेल तर खूण व जनुक हीं शेजारीं आहेत. लहान कुटुंबांत असा मेळ योगायोगानेंही बसतो. म्हणून कुटुंब जितकें मोठें तितका पुरावा पक्का. हें काम कित्येक वर्षें चालेल असा सर्वांचा अंदाज होता. पण जेम्स गसेला यांनीं तपासलेल्या पहिल्या डझनभर खुणांतच एक लागू पडली, आणि जनुक चवथ्या गुणसूत्रावर आहे हें १९८३ सालीं जाहीर झालें. त्यानंतर मात्र दैव रुसलें. पेठ समजली, पण घर सांपडेना. सहा गटांतील ५८ शास्त्रज्ञ त्या पेठेंत दहा वर्षें हिंडले, तेव्हां १९९३ च्या मार्चमध्यें घर सांपडलें. त्या जनुकांत सीएजी या तीन अक्षरांची पुनरुक्ति असते. ती चाळीस किंवा अधिक वेळां झाली कीं, पुरेसें आयुष्य लाभलेल्या माणसास रोग व्हावयाचाच. पुनरुक्तिदोष आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांत लाल शाईनें दाखवीत आलों. तो पेशींतही असतो व तेथें त्याची शिक्षा इतकी जबर असते, हें आम्हांस नवीन होतें.

येथवर आम्ही स्तुतीच करीत आलों. परंतु माराकायबोच्या प्रकरणांत पुस्तकाची एक बाजू लंगडी पडते हें सांगितलें पाहिजे. लॉस एंजेलिसच्या घरांतील मौन आम्हांस आंतून दिसतें. सरोवरकांठच्या झोंपड्यांतील मौन दिसत नाहीं. तेथील माणसें सोशीक आहेत, प्रेमळ आहेत, दुर्दैवी आहेत. पण त्यांतल्या एखाद्या मुलीला आपल्या आईचा राग येत असेल, एखादा बाप मुलांपासून कांहीं लपवीत असेल, हें वाचकाच्या मनांत येत नाहीं. लिओनोर ही व्यक्ति आहे, तीं माणसें वंशवृक्षावरील वर्तुळें व चौकोन आहेत. लेखिकेचें अंतःकरण कोरडें आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पाहुण्याला जेवढें दिसतें तेवढेंच तिनें लिहिलें. पण आपण पाहुणे आहों हें तिनें अधिक स्पष्टपणें कबूल करावयास हवें होतें.

ही कबुली, आमच्या समजुतीनें, दुसऱ्या पुस्तकानें दिली. त्यांत लेखिका हंटिंग्टनच्या ईस्ट हॅम्प्टनला परत जाते. १८०६ सालीं फीबी हेजिस नांवाच्या तेथील एका स्त्रीनें समुद्रांत देह टाकला. तिच्या घराण्यांत हा रोग होता. तिच्यावरूनच पुस्तकास नांव मिळालें आहे. कागदपत्रें चाळून लेखिका अशा निष्कर्षाला येते कीं, त्या काळच्या गांवकऱ्यांनीं या घराण्यांना वाळींत टाकलें नव्हतें. तीं घराणीं गांवांत प्रतिष्ठेनें नांदत होतीं. रोग सर्वांस ठाऊक होता, तो दुःखाचा विषय होता, लाजेचा तितकासा नव्हता. लाज मागाहून आली, आणि ती आणण्यांत शास्त्राचा हात होता. १९१६ सालीं चार्ल्स डॅव्हेनपोर्ट यानें एलिझाबेथ मन्सी या डॉक्टरीणबाईंनीं गांवोगांव फिरून जमविलेल्या माहितीवरून या रोगाचे वंशवृक्ष छापले. रोग्यांची संख्या हजाराच्या घरांत होती. पण त्यांत रोगाबरोबर व्यसनें, वेड, दुर्वर्तन यांच्याही नोंदी केल्या गेल्या, आणि सुप्रजाजननाच्या नांवाखालीं अशा घराण्यांची संतति रोखण्याचा पुरस्कार झाला. १९३२ मध्यें वेसी नांवाच्या डॉक्टरानें याच्याही पुढें मजल मारली. या रोग्यांच्या पूर्वज स्त्रियांना चेटकिणी म्हणून छळलें गेलें अशी वंशावळ त्यानें जुळविली. ती पुढें चुकीची ठरली, परंतु दरम्यान पाठ्यपुस्तकांत शिरली. आणि १९३३ च्या जुलैमध्यें नाझी जर्मनीनें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जो कायदा केला त्यांतील रोगांच्या यादींत हंटिंग्टनचें नांव होतें.

एकच वंशवृक्ष, तेच चौकोन, तींच वर्तुळें. डॅव्हेनपोर्टची माणसें माहिती घेऊन गेलीं तीं परत आलीं नाहींत. नॅन्सी वेक्सलर वीस वर्षांहून अधिक काळ दरसाल त्याच लोकांत परत गेली. हा भेद पहिल्या पुस्तकांत नुसता जाणवतो. दुसऱ्या पुस्तकानें त्याची किंमत दाखवून दिली. म्हणूनच दुसरें पुस्तक, रुक्ष व टिपांनीं भरलेलें असूनही, आम्ही वरच्या पायरीवर ठेवतों. कित्येक वाचकांस हें पटणार नाहीं. त्यांचे डोळे पहिल्या पुस्तकानें पाणावतील, आणि आमचेही पाणावले होते.

आतां कोणी विचारील, हा सर्व मागचा इतिहास. आजच्या शास्त्रास अठरा हजारांचा वंशवृक्ष हवा कोठें? तें खरें आहे. मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा २००१ सालीं प्रसिद्ध झाला, व २०१० सालीं एकाच घरांतील चौघांचे, म्हणजे आईबाप व मिलर सिंड्रोम हा अत्यंत विरळ रोग असलेलीं दोन मुलें यांचे, संपूर्ण जनुकसंच वाचून संशयित जनुकांची यादी अवघ्या चारांवर आणतां आली. चौघांच्या रक्तावर भागूं लागलें. परंतु त्यामुळें घराचा प्रश्न सुटला नाहीं, उलट आंत शिरला. चौघांचा जनुकसंच वाचला कीं जें विचारलें नव्हतें तेंही कळतें: दुसरा एखादा रोग कळतो, कधीं बाप निराळाच असल्याचें कळतें. आणि मुलाचें रक्त दिलें कीं न देणाऱ्या काकाविषयींही कांहीं कळतें. त्या काकाला कोणी विचारलें?

आमच्या कपाटांत आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. मोठ्या परिश्रमानें तो छापला गेला. त्यांत वतनें आहेत, नोकऱ्या आहेत, विलायतेहून आणलेल्या पदव्या आहेत. रोगाचा रकाना मात्र नाहीं. आमच्या लहानपणीं एका चुलत आत्याला पाहुणे आले कीं माडीवर पाठवीत. विशेषतः मुली पाहावयास येणारे पाहुणे. तिचे हात स्थिर राहत नसत. कुलवृत्तांतांत तिचें नांव आहे, जन्मसाल आहे, व पुढें 'अविवाहित' एवढा एक शब्द. तिला काय झालें होतें, हें विचारण्याजोगें आतां कोणी उरलें नाहीं. आम्ही स्वतः वयांत आल्यावर घरांतील तीन सोयरिकींच्या बैठकींत बसलों, पत्रिका व नाड पाहिली, आणि आत्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं. लिओनोरच्या समजुतीला हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें पुस्तक वाचीत असतां ध्यानांत आलें.

मग सर्वच उघड करावें काय? या प्रश्नावर दोन्ही पुस्तकें घाईनें उत्तर देत नाहींत, हा त्यांचा मोठा गुण. रोगाची आगाऊ परीक्षा १९८६ पासून करतां येऊं लागली. जनुक सांपडल्यावर ती सोपी झाली. जिनें त्या जनुकाच्या शोधांत आयुष्य घातलें त्या नॅन्सीनें व तिच्या बहिणीनें ती परीक्षा घेण्याचें नाकारलें. जोखमींतील बहुसंख्य माणसांनीं पुढें तेंच केलें. यास भित्रेपणा म्हणणें सोपें आहे. परंतु रोग थांबविणारें सर्वमान्य औषध नसतां, केवळ तारीख जाणून घेण्यास नकार देणें, हा मौनाचा निराळा प्रकार आहे. लिओनोरच्या घरांत जें लपविलें गेलें तें दुसऱ्यांपासून; येथें कोणापासून कांहीं लपविलेलें नाहीं, फक्त स्वतःचें एक दार स्वतः बंद ठेवलें आहे. हा भेद लेखिकेनें कोठेंही सूत्ररूपानें सांगितलेला नाहीं, पण पानोपानीं तो जाणवतो.

२०२० सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, आपल्यालाही हा रोग झाला आहे असें नॅन्सी वेक्सलरनें जाहीरपणें सांगितलें. पुस्तकांत ही गोष्ट असणें शक्य नव्हतें. पण आतां 'मॅपिंग फेट' वाचणारास ती विसरतां येत नाहीं, आणि सरोवरकांठीं तिनें दाखविलेला दंडावरील तो व्रण दुसऱ्यांदां वाचतांना निराळा दिसतो. माराकायबोच्या कांठच्या एखाद्या मुलीनें, आपल्या घराविषयीं, आपल्या स्पॅनिश भाषेंत असेंच एक पुस्तक लिहावें. अ‍ॅलिस वेक्सलर यांच्या दोन पुस्तकांशेजारीं ठेवावयास आम्हांस तें तिसरें पुस्तक हवें आहे.