कर्ता कोठे गेला?

शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला वर्तमानपत्रही व्याकरणाच्याच डोळ्यांनी वाचण्याची खोड जडते. वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची ऑलिव्ह-तोडणी ऑक्टोबरात सुरू झाली, की 'तोडणीच्या वेळी चकमक', 'झाडे तोडण्यात आली' अशा धर्तीच्या बातम्या येऊ लागतात. वाक्ये शुद्ध आहेत. पण झाडे तोडली कोणी? कर्मणी प्रयोगाने कर्त्याला मागल्या दाराने जाऊ दिले आहे. आणि चकमकीला दोन्हीकडे शस्त्रे लागतात. एकाच्या हाती सोटा आणि दुसरीच्या हाती फळांची टोपली असेल, तर मराठीत त्याला मारहाण म्हणतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुर्मुस अय्या येथे तोंड झाकलेल्या वसाहतवाल्याने एका प्रौढ स्त्रीवर सोटा चालवला. एका पत्रकाराने ते चित्रित केले, म्हणून त्या वाक्याला कर्ता मिळाला. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने इस्रायली वसाहतवाल्यांचे २६० हून अधिक हल्ले नोंदले. २००६ पासूनच्या नोंदींत तोवर एका महिन्यात इतके हल्ले झाले नव्हते. उरलेल्यांचे कर्ते कोणी टिपले?

निःपक्षपातासाठी असे लिहावे लागते, असे कोणी म्हणेल. गुन्हा कोर्टाने ठरवावा, हे मलाही मान्य आहे. परंतु डोळ्यांदेखत घडलेले कोणी केले, हे सांगणे म्हणजे निकाल देणे नव्हे. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी बैता गावी तोडणीचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनीही मार खाल्ला. इतक्या मोलाने मिळालेला कर्ता संपादकाच्या मेजावर तरी गळू नये.